मस्तगडचे चाचा आणि उजवीकडचं पोर्ट

मस्तगडला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांनी माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून दिला आणि दोनच दिवसांत उजवीकडचं यूएसबी पोर्ट दगा द्यायला लागलं. झाकण मिटून परत उघडलं की तिथं लावलेला माऊस मेलेला. लॅपटॉप बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. मी इथंच जालन्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. तरी मला पहिला संशय प्रोग्रॅमचा आला नाही, चाचांचा आला. आतला चांगला भाग काढून जुना टाकला असणार.

दुकानात मी तसं म्हटलं नाही, पण त्यांना कळलं. हातातलं काम बाजूला ठेवून ते म्हणाले, "बेटा, बोर्डाला मी हात न्हाई लावला. पायजे तर तुह्यासमोर खोलतो."

मी नको म्हटलं आणि घरी येऊन स्वतःच खोलला. एका स्क्रूवर ओरखडा होता. तेवढ्या ओरखड्यावर मी दोन दिवस त्यांना चोर ठरवलं.

मग नाइलाजानं सिस्टीम आपोआप ठेवते ती नोंदवही, म्हणजे लॉग, वाचली. लॅपटॉप जागा झाला की यूएसबीचा ड्रायव्हर, म्हणजे ही पोर्टं चालवणारा सिस्टीमचा प्रोग्रॅम, स्वतःच त्या पोर्टची वीज तोडत होता. फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपमध्ये कंपनीनंच भरलेला मूळ प्रोग्रॅम, त्याला सांगत होता की या पोर्टला बाहेरून काही जोडताच येत नाही. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम हे मनावर घेत नव्हती. नवी मी कीबोर्ड बदलून आणला त्या संध्याकाळीच टाकली होती, आणि ती विश्वास ठेवायची. कंपनीतल्या एका मैत्रिणीकडे हेच मॉडेल होतं, कधीच न खोललेलं. तिनं नवी सिस्टीम टाकली, तर तिचंही पोर्ट तसंच मेलं.

लॅपटॉपच्या कंपनीनं हात झटकले. म्हणून मी ड्रायव्हरमध्येच चार ओळी घातल्या: हे मॉडेल असेल तर या पोर्टबद्दल फर्मवेअरचं ऐकू नये. हा ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणून बदल तो सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. त्यांच्यापैकी एकानं उलट विचारलं, दुरुस्तीतच बिघाड झाला नसेल कशावरून? मला राग आला. मग आठवलं, मीही हेच धरून बसले होते. मैत्रिणीच्या लॅपटॉपची नोंद पाठवली, तेव्हा त्यांनी बदल सिस्टीमच्या पुढच्या आवृत्तीत घेतला.

चाचांना सांगायला गेले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्या दिवशी मला खोलू का न्हाई दिलं?"

"तुमच्यावर भरोसा नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, या मॉडेलचं आणखी कुणी आलं तर काय करायचं ते लिहून दे. मी कागदावर मॉडेल आणि सिस्टीमची कोणती आवृत्ती टाकायची ते लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"आधी एका मशीनवर करून बघतो," ते म्हणाले. "मंग गिऱ्हाइकाला सांगतो."