सुभीची परडी

सुभी दारात आली की आधी तिचा हात दिसायचा, मग सुभी. हात लहान पोरीला शोभेल एवढासा आणि मागून येणारी सुभी दार भरून. वय तिशीच्या पुढे. मी उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा माझ्या घराची पहिली पाहुणी तीच.

वाडीत कुणी भेटलं की आधी "जेवलीस काय गो?" असं विचारतात. उत्तराची अपेक्षा नसते, नुसतं हूं म्हणून पुढे जायचं. सुभी मात्र हा प्रश्न मनावर घ्यायची. "नाय! आय देत नाय," असं ती अशा चेहऱ्यानं सांगे की विचारणाऱ्याचाच घास अडकावा. मग पानात भाकरी पडे. एकदा अशी वाडीभर न्याहारी करून ती माझ्याकडे आली. ओठाला घावनाचा तुकडा चिकटलेला होता. मी बोट दाखवलं.

"ह्यो कालचा हाय, बाई," ती शांतपणे म्हणाली आणि तो पुरावाही खाऊन टाकला.

शाळेत तिला अक्षर कधी लागलं नव्हतं. पण फाटक्या कॅलेंडरचे कपटे द्या, ती गणपती सोंडेसकट जुळवून देई. तिच्या आईचं, काशीकाकूंचं नाव मात्र वाडीत पार बिघडलेलं. पोटच्या पोरीला उपाशी ठेवते म्हणून सख्खी आई सावत्र ठरली होती. काकू चिडून सुभीला धपाटा घालायच्या, मग स्वतः रडायच्या, मग लाडू द्यायच्या. सुभीला हा क्रम पाठ होता. काकूंचं रडणं सुरू झालं की ती डब्याकडे बघू लागे.

पुढे तिला चार पावलांत दम लागू लागला. बसल्या जागी डोळा लागायचा. मुंबईतल्या भावानं तिला मोठ्या इस्पितळात दाखवलं, रक्ताची तपासणी झाली आणि प्रेडर-विली नावाच्या दुर्मीळ आजाराचं निदान झालं. गावी परतेपर्यंत काकूंच्या तोंडी त्याचं 'परडीवाली' झालं होतं. झालं! सुभीच्या अंगात देवी आहे, इतकी वर्षं ती जोगवाच मागत होती, हे वाडीला एकदम उमगलं. देवीची जोगव्याची परडी रिकामी ठेवायची नसते. दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे पुरणपोळ्या यायला लागल्या. सुभीनं देवीपण लगेच स्वीकारलं. "देवीला खोबरं पायजे," असंही ती सुचवू लागली.

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. शेवटी मी डॉक्टरांचा कागद नीट वाचला, तिच्या भावाशी फोनवर बोलले आणि देवळात सगळ्यांना बसवलं. हा आजार जन्मापासूनचा, जनुकांतला. आईबापाच्या वागण्यानं झालेला नाही. शिकणं त्यामुळंच मागं राहतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. "टाकी वाहून चाललीय, पण मोटार बंद करा म्हणून सांगणारं कुणी नाही," मी म्हणाले.

"पण दारात आलेल्याला नाय कसा म्हनायचा?" एक म्हातारे बाबा म्हणाले.

काशीकाकू उभ्या राहिल्या. "तुमच्या भाकरीनं माजी पोर मरंल!"

त्यानंतर घराघरांतल्या कपाटांना कुलपं लागली. बायकांनी प्रश्नही बदलला. आता त्या विचारू लागल्या, "झोपलीस काय गो?"

"नाय," सुभी म्हणे. "भुकंनं झोप नाय आली."

हळूहळू तिचं वजन उतरलं, चढण चढता येऊ लागली. काकू मात्र थकल्यासारख्या दिसत. मला म्हणाल्या, "हावरी वाटायची तवा नाय म्हननं सोपं होतं, बाई. आता तिची भूक खरी हाय ते कळलंय."

एका दुपारी काकू पोलादपूरच्या बाजाराला गेल्या आणि सुभीला माझ्याकडे ठेवलं. मी वह्या तपासत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, आज ही काहीच मागत नाही. बघितलं तर ती कपाटाकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभी. दोन्ही मुठी आवळलेल्या.

"काय झालं गं?"

"बाई, कुलूप लावलं नाय तुमी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "लावा ना लवकर. माज्यानं ऱ्हावत नाय."

मी धावत जाऊन कुलूप लावलं. ते खटकन बसल्यावर सुभीच्या मुठी सुटल्या.