स्क्रीनचा उजवा कोपरा

मी भित्रा माणूस नाही. राजूरकडच्या एका खुल्या कोळसा खाणीत मी डंपर चालवतो, घराएवढी गाडी, आणि भित्र्या माणसाला त्या शिडीवर कोणी चढू देत नाही. पण एका रविवारी यवतमाळच्या एका दुकानात कॉम्प्युटरची स्क्रीन पाहता पाहता मला माझ्याच उजव्या बाजूची भीती वाटायला लागली. ती भीती अजून गेलेली नाही. आता लिहितानाही मी दोनदा मान वळवून उजवीकडे पाहून घेतलं.

गेमचं खूळ घरात पोट्टीने आणलं, पण वाढवलं मी, हे आधीच कबूल करतो. ती यवतमाळला कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आली की आम्ही बापलेक कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो. आठ तास डंपर चालवून यायचं आणि चहा पिऊन पुन्हा ट्रकच चालवायचा, याला काय म्हणायचं ते म्हणा. आमची बायको बह्याडपणा म्हणते.

"पप्पा, या स्क्रीनमध्ये तं आरसेच दिसत नाहीत," पोरगी म्हणायची. "ट्रक चालवून राह्यलो का खिडकीतून पाहून राह्यलो, समजतच नाही."

तिला हवी होती ती लांबलचक, वाकलेली स्क्रीन, दोन्ही बाजूंनी आपल्याला वेढणारी. कुलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने दोन मापं केली, एक चौतीस इंची, एक एकोणपन्नास इंची, आणि टेबलावर उभी करून मला समोर बसवलं. एकोणपन्नासचं माप टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर गेलं. मी म्हणालो, टेबल बदलू. बायको आतून ओरडली, "घरच बदला ना मंग!"

यवतमाळचं ते दुकान एका चाचांचं होतं. पांढरी दाढी, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि गिऱ्हाईक विचारेल त्याच्यापेक्षा जास्त सांगायची सवय. त्यांनी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकीला कमी बाक, दुसरीला जास्त. बाकाचा आकडा जितका लहान तितका बाक जास्त, हे त्यांनी हवेत दोन्ही हातांनी गोल काढून समजावलं. "हजार लिहिलंय ना, तर एक मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा समजा. तुम्ही बरोबर मधोमध बसा. मान हलवायचीच नाही दादा, फक्त नजर फिरवा. दोन्ही कोपरे आपोआप दिसतात."

मान हलवायची नाही, हे मला जमेना. आमच्या कामात मान हेच हत्यार. डंपरची केबिन डाव्या कडेला असते, त्यामुळे उजवीकडचं बरंच काही गाडीच्या अंगाखाली झाकलं जातं. आम्ही तिला आंधळी बाजू म्हणतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, उजवीकडे मान पूर्ण वळवल्याशिवाय गाडी हलवू नको. कारण मागे माती टाकायच्या जागी शिटी घेऊन सिग्नलवाला उभा असतो. गाडी कुठवर मागे घ्यायची ते तो सांगतो, आणि तो कुठे उभा आहे ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. नाहीतर चाकाखाली माणूस आला तरी वर केबिनमध्ये धक्कासुद्धा लागत नाही.

तरी मी चाचांचं ऐकलं. मोठ्या स्क्रीनसमोर बसलो, स्टिअरिंग धरलं, मान ताठ ठेवली. घाटाचा रस्ता होता. मजा यायला लागली, खरं सांगतो. डावीकडून झाडं कानाजवळून जात होती. आणि एकदम उजवीकडून आवाज आला, काच फुटल्यासारखा. एका गाडीला मी घासलं होतं.

पोरगी हसली. "पप्पा, किती वेळची बाजूले होती ते!"

दुसऱ्यांदा बसलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्टिअरिंग सोडलं आणि चाचांवर डाफरलो, "तुमचा पीस खराब आहे. याचा उजवा कोपरा बंद आहे."

चाचा वाकले, पाहिलं. त्यांनी केबल काढून दुसऱ्या स्क्रीनला लावली, चौतीसवालीला. मी पुन्हा मान ताठ करून बसलो. तिचाही उजवा कोपरा बंद. म्हणजे काळा नव्हता हो. काळा असता तर कळलं असतं. तिथे काहीच नव्हतं. मान वळवली की सगळं जागच्या जागी, सरळ पाहिलं की रस्ता आपला मध्येच संपलेला.

"हिचाही बंद आहे," मी म्हणालो, पण या वेळी डाफरलो नाही.

चाचांनी पोरीकडे पाहिलं. पोरगी हसायची थांबली होती. ती केव्हा माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली, मला कळलंच नव्हतं.

मी उठलो. म्हणालो, मान दुखते, इतकी मोठी नको, विचार करून सांगतो. चाचा म्हणाले, "स्क्रीन कुठे पळत नाही दादा. तुम्ही आधी डोळे दाखवून घ्या." मला असा राग आला! माणूस घ्यायला आला, आणि हा डॉक्टरकडे पाठवतो. पण खरं म्हणजे तो राग नव्हता. पायऱ्या उतरताना मी उजव्या हाताने भिंत चाचपत होतो.

बसस्टँडवर बाकावर बसलो. पोरगी पाण्याची बाटली आणायला गेली. मी समोरच्या एसटीकडे पाहत बसलो आणि एकेक आठवायला लागलो. दाराच्या उजव्या चौकटीला खांदा लागायचा, मी म्हणायचो दार अरुंद आहे. ताटातली उजवीकडची चटणी राहून जायची, बायको म्हणायची आवडली नाही का. आणि डंपरमध्ये मान वळवूनही उजवीकडचं टोक दिसत नव्हतं, पण ते तर कोणालाच दिसत नाही! किती दिवसांपासून मी माझा आंधळेपणा गाडीच्या नावावर टाकत होतो, देव जाणे. खाणीतल्या डोळ्यांच्या तपासणीत समोरच्या पाटीवरची अक्षरं मी धडाधडा वाचायचो. समोरचं तर मला आजही दिसतं.

"पप्पा, माह्याकडे नका पाहू. समोर पाहा," उजवीकडून पोरीचा आवाज आला. "किती बोटं आहेत?"

"काहून माकडचाळे करून राह्यली? बस खाली!" मी खेकसलो. आजूबाजूचे लोक पाहायला लागले. ती बसली, माझ्या डावीकडे येऊन. बाटलीचं झाकण तिने उघडलं, पुन्हा लावलं.

"उद्या पहिली पाळी आहे ना तुमची?"

"हाव."

"जाणार?"

"न जाऊन काय करू? डोळे दाखवून घेऊ पुढच्या आठवड्यात. आईले काही सांगू नको."

ती म्हणाली, "मंग उद्या मी येतो तुमच्यासोबत. तो सिग्नलवाला काका जिथं उभा राहते ना, तिथं मी उभी राहतो. घ्या मंग गाडी मागे."

मी तिच्यावर हात उगारला नाही, आयुष्यात कधी उगारलाही नाही. पण त्या क्षणी हात उचलावासा वाटला, कारण तिने ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं केलं आणि ते जाईना. वणीला घरी पोचेपर्यंत एसटीत मी डोळे मिटून बसलो होतो. मिटले तरी तेच दिसत होतं. रात्री जेवायला बसलो. बायको विचारत होती, घेतली का स्क्रीन, कोणती घेतली, आणि आम्ही दोघंही ताटाकडे पाहत होतो.

सकाळी मी खाणीत गेलो. हजेरी लावली, हेल्मेट घातलं, आणि शिडीपाशी गेलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबलो. रोजची गाडी, रोजची पायरी. वर चढलो तर दिवसभराच्या खेपा निघणार, प्रत्येक खेपेला गाडी मागे घ्यावी लागणार. मनात म्हणत होतो, आजचा दिवस काढू, मान जास्त वळवू, इतके दिवस काही झालं नाही. इतके दिवस काही झालं नाही, हे मी पाच-सहा वेळा म्हणालो असेन.

मग खाली उतरलो आणि शिफ्टच्या साहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "साहेब, मले उजवीकडचं दिसत नाही." इतकं साधं वाक्य, पण ते सांगताना मी टेबलाची कड धरली होती. साहेबांनी रजिस्टर मिटलं. किती दिवसांपासून, डॉक्टरला दाखवलं का, सगळं विचारलं, गाडीवरून नाव काढलं आणि दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. ते सगळं नंतरचं.

साहेब चिठ्ठी लिहीत होते तेव्हा आमचा सिग्नलवाला दारातच चहाचा ग्लास घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, शिव्या देईल. बरं झालं असतं दिल्या असत्या तर.

"उजवीकडचं?" त्याने विचारलं.

"हाव."

नियम असा की सिग्नलवाल्याने ड्रायव्हरच्या बाजूला, डावीकडे उभं राहायचं. तिकडे तो आपल्याला सरळ दिसतो. पण मातीचा काठ उजवीकडे ढासळलेला असला की तो नीट पाहायला कोणी कोणी तिकडे जातं. ग्लासातला चहा तसाच धरून आमचा सिग्नलवाला खाली जमिनीकडे पाहत होता.

"दुसऱ्या कोणाच्याच गाडीले मी उजवीकडे जात नाही गड्या," तो म्हणाला. "तुया गाडीलेच जातो. तू मान वळवून पाहते म्हणून."