माहूजमधला बर्फाचा नांगर

आखातात, माहूजला आमच्या वरच्या मजल्यावर एक पुणेकर अकाउंटंट राहायचे. बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. पण इंग्लंडच्या जुन्या रेल्वेत रुळांवरचा बर्फ हटवायला इंजिनापुढे पोलादी नांगर लावत, त्यांचा इतिहास शोधण्याचा त्यांना भारी नाद. ऑफिसातले गोरे साहेब सुट्टीवर निघाले की बाकीचे चॉकलेटं मागवायचे, हे नांगरांचे फोटो. प्रत्येक वाक्य "आता बघा"ने सुरू व्हायचं. त्यांनी जिन्यात गाठलं, की घरात आपला चहा निवलाच म्हणून समजा.

आम्ही सुट्टीवर निघालो त्या सकाळी वादळाने शेजारच्या मोकळ्या प्लॉटची वाळू गल्लीत आणून टाकली होती. टॅक्सी आत येईना. विमान चुकणार म्हणून बायको रडकुंडीला आलेली. तेवढ्यात हे खाली उतरले, चेहऱ्यावर घरचं कार्य असल्यासारखा आनंद. भंगारात पडलेली दोन दारं त्यांनी पुढे टोक काढून आपल्या खटारा गाडीला बांधली.

"आता बघा वहिनी, टोक मधे घुसतं आणि बर्फ दोन्हीकडे पडतो. यल्ला, चला, बसा मागे!"

"अहो, पण ही वाळू आहे," मी म्हणालो.

"तिला कुठे माहितीय?"

आणि खरंच वाळू फाकत गेली. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीत बसताना मी वळून पाहिलं. गल्ली मोकळी होती, पण दोन्ही बाजूंच्या घरांच्या दारांपुढे गुडघाभर ढीग लागले होते. आमचा अरब घरमालक हातवारे करून ओरडत होता आणि हे त्याचा हात हातात घेऊन, हरखून सांगत होते,

"अभी देखो, इंग्रज लोग का भी सेम यही हुआ था!"