बाईंनी दिलेला नकार

नातवानं पाटी पुसली, की त्या ओल्या वासानं मी निजामाच्या अमलातल्या हिंगोलीत पोचते. मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. शिरड शहापूरहून आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला बैलगाडीतून नेलं. मुख्याध्यापिका बाई मला विचारत आणि उत्तरं आबाच देत.

बाई हसून म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर सावलीत बसा. शिकवायचं हिला आहे, हिलाच बोलू द्या."

मला धीर येईपर्यंत त्या थांबल्या. धडा मी नीट वाचला, पाटीवरचे अपूर्णांक मात्र चुकले.

"यंदा जागा देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "वाचतेस छान. गणित पक्कं कर आणि पुढच्या साली ये." मग माझी चूक त्यांनी समजावून सांगितली.

परतताना मी रडले. आबा म्हणाले, "रडून राहिली काहून? पुन्हा ये म्हणल्या न्हाई का त्या?"

पुढच्या साली ती जागा मला मिळाली. आदल्या वर्षी त्या नकाराची लाजच वाटली होती. पुढं मी मुख्याध्यापिका झाले, आणि कुणाला नाही म्हणताना शिपायाकरवी निरोप धाडणं मला कधी जमलं नाही.