मेघखोऱ्यातली पुढची पाळी

चाळीस मिनिटे झाली, तरी शेवाळेकाका घंटाघर सोडायला तयार नव्हते.

घंटाघर खरे नव्हते. ते मी रचले होते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका टर्निंग वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचा लहानसा गेम स्टुडिओ आहे. तिथल्या टेबलावर एक नकाशा, मूठभर फासे आणि भोवती तीन खेळाडू, एवढेच काय ते खरे होते. काल्पनिक जगे तयार करणे हे माझे काम. टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायच्या खेळांसाठी डोंगर, हवामान, गावे, चालीरीती असे सगळे आधी कोणीतरी ठरवावे लागते. ते मी ठरवते. खेळताना गेम मास्टर, म्हणजे परिस्थिती सांगणारी व्यक्तीही बहुधा मीच असते. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात आणि शंका असेल तिथे फासा निर्णय देतो.

या जगाचे नाव मेघखोरे. एम.एस्सी.ला असताना आम्ही एकदा ब्रह्मगिरीवर चढलो होतो. खाली त्र्यंबकचे खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते आणि मधले डोंगरमाथे बेटांसारखे वर आले होते. मी वातावरणशास्त्राची विद्यार्थिनी. त्या दृश्याचे स्पष्टीकरण मला पाठ होते. तरीही मनात आले, की यावर होडी तरंगली तर? तो प्रश्न काही मला सोडेना. पुढे पीएच.डी.ची मिळालेली जागा मी सोडली आणि दोन वर्षे त्या होडीला दिली.

काल्पनिक जगात एकच खोटे बोलावे आणि बाकी सर्व त्या खोट्याशी प्रामाणिक ठेवावे, असा माझा नियम आहे. माझे खोटे एवढेच, की मेघखोऱ्यातले धुके होडी तोलण्याइतके जड असते. त्यावरून पुढचे आपोआप ठरत गेले. दुपार कलली की दऱ्या भरू लागतात आणि गावांची बेटे होतात. दाट धुक्यात दिव्याचा प्रकाश विखुरतो, म्हणून तिथे दीपस्तंभ निरुपयोगी. त्याऐवजी प्रत्येक गावाला एक घंटा असते. प्रत्येक घंटेचा सूर वेगळा, आणि नावाडी डोळे मिटून कानांनी घर शोधतात. घंटा थांबली, तर होड्या वाट चुकतात.

त्या दिवशी पुण्याहून प्रकाशक मेहेंदळे मॅडम आल्या होत्या. मेघखोरे त्यांना पटले, तर खेळ छापून बाहेर पडणार होता. न पटल्यास आमचे प्रमुख निनाद सर यांनी दुसरे जग तयार ठेवले होते. किल्ले, ड्रॅगन, हरवलेला मुकुट. त्याला कोणीच नाही म्हणत नाही, असे सरांचे मत. माझ्या दोन वर्षांचा निकाल त्या एका प्लेटेस्टवर, म्हणजे खेळाच्या चाचणीवर, लागणार होता.

सुरुवातीचा प्रसंग मी काळजीपूर्वक बांधला होता. तिन्ही खेळाडू घंटाघराचे राखणदार. घंटा इतकी जड, की दोर ओढायला तिघे लागतात. धुके चढलेले असताना दुरून मदतीची हाक येते. तिघांनी घंटा सोडून होडी काढायची. हाक आलेली होडी रिकामी निघायची, आणि तेवढ्यात मागे घंटा चोरीला गेलेली असायची. तिथून गोष्ट सुरू. कॉलेजच्या ज्या मुलांनी हा प्रसंग आधी खेळून पाहिला होता, त्यांनी दोन मिनिटांत होडी काढली होती.

या वेळचे खेळाडू शेजारच्या फोर्जिंग कंपनीतले, म्हणजे तापवलेल्या लोखंडाचे भाग घडवणाऱ्या कारखान्यातले होते. शेवाळेकाका भट्टीवर ऑपरेटर, शबानाताई क्वालिटीला, प्रशांत मेंटेनन्सला. सुट्टीच्या दिवशी तिघे आमच्याकडे खेळायला येत.

हाक आली, असे मी सांगितले. काकांनी विचारले, "रिलिव्हर कोण हाय?"

रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. मी म्हणाले, कोणी नाही.

"मग जाता येत नाय, मॅडम. रिलिव्हर आल्याबिगर भट्टी सोडत नसतात."

"काका, ही घंटा आहे."

"तेच म्हंतो मी. भट्टीत नुसता माल असतो. हिच्या भरवशावर माणसं हायेत."

हाक मारणाराही माणूसच आहे, असे मी सुचवून पाहिले. त्यावर प्रशांतने विचारले, की या घडीला धुक्यात एकूण होड्या किती? पाच, माझ्या टिपणात तसे होते. मग एकीसाठी चार कशा वाऱ्यावर सोडायच्या, असे तो म्हणाला. शबानाताईंनी मान डोलावली. तिघांनी दोर धरला. एक टोला. थोड्या वेळाने दुसरा. हाक पुन्हा आली. त्यांनी पुन्हा टोला दिला. खेळ जागच्या जागी उभा राहिला.

मेहेंदळे मॅडम वहीत काही लिहीत होत्या. निनाद सरांनी माझ्यासमोर चिठ्ठी सरकवली. 'वादळ आण. घंटाघर पाड.'

गेम मास्टरला ते शक्य असते. खेळाडूंना आपल्याला हव्या त्या रस्त्यावर असे ढकलण्याला आमच्या धंद्यात रेलरोडिंग म्हणतात, आणि अडचणीत सगळेच ते करतात. मीही केले असते. पण धुके टिकायला हवा स्थिर लागते. वारा सुटला की ते विरते. वादळ हे माझे दुसरे खोटे झाले असते. मी चिठ्ठीमागे लिहिले, 'धुके असताना वादळ येत नाही.' सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

मग मी खेळाडूंना एवढेच विचारले, "बरं. तुम्ही घंटा वाजवताय. काय ऐकू येतं?"

शबानाताईंनी डोळे मिटले. कंपनीत त्या तयार भाग हातोडीने ठोकतात आणि नादावरून आतला तडा ओळखतात. त्या म्हणाल्या, टोला दोन्ही कड्यांवरून परत येत असणार, आधी जवळच्या, मग लांबच्या. मी नकाशावर अंतर मोजले. बरोबर होते. प्रशांतने सांगितले, की दोर दमट झाला आहे आणि तळहाताला गार लागतो. धुके आता खालच्या पायरीला टेकले असेल, असे काका म्हणाले, आणि मी ते लिहून घेतले, कारण माझ्या टिपणात पायऱ्या नव्हत्या. टेबलाभोवती कोणी मोठ्याने बोलेना. दूर कुठल्याशा गावाची घंटा खालच्या सुरात वाजू लागली. ती आमच्यापैकी कोणी आणली, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन वर्षे मी त्या जगाचा दाब आणि तापमान मोजत होते. तिथे संध्याकाळ कशी होते, हे मला त्या दिवशी कळले.

शबानाताई म्हणाल्या, राखणदारांच्या आपसांत काही खुणा असतीलच. हाक डावीकडे सरकली, की त्या दोन टोले द्यायला लावत. उजवीकडे सरकली, की तीन. प्रत्येक वेळी फासा पडे आणि होडी वळे. हाक जवळ आली. मग वल्ह्यांची सळसळ आली. मग होडीचे टोक पायरीला लागले.

"कोण हाय आत?" काकांनी विचारले.

टिपणातले उत्तर होते, कोणी नाही. पण रिकामी होडी घंटेच्या खुणा ओळखत नाही. त्या खुणा फक्त घंटाघरातल्या माणसांना ठाऊक. मी माझ्याच नियमांचा हिशेब मांडला. धुके उतरायला बारा तास लागतात. घंटा ओढायला तिघे लागतात. तीच तीन माणसे बारा तास दोर ओढू शकत नाहीत. म्हणजे दुसरी पाळी असलीच पाहिजे. आणि ती अजून आलेली नव्हती.

"तिघं आहेत," मी म्हणाले. "चिंब भिजलेत. पायरीवर पाय ठेवताच त्यांनी दोराला हात घातला. म्हणाले, आम्ही पुढच्या पाळीचे. वाट चुकलो."



"उशीर झाला ते रजिस्टरला लिवा म्हणावं," काका म्हणाले. टेबलाच्या कडेवर इतका वेळ आवळलेली त्यांची मूठ तेव्हा सुटली.

मेहेंदळे मॅडमनी वही मिटली. निकाल लागला, असे मी समजले. त्यांनी विचारले, "वाट कशी चुकले हे तिघं?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"मग पुस्तक तिथून सुरू करा. खेळणारे घंटाघरात नकोत. होडीत हवेत."

मेघखोरे स्वीकारले गेले. घंटेची चोरी मी काढून टाकली. आता पहिल्या पानावर तीन माणसे धुक्यात भरकटलेली आहेत आणि त्यांना आपल्याच गावची घंटा ऐकू येते. ती वाजवणारे, पाळी संपल्यामुळे, एव्हाना घरी गेलेले असायला हवे होते. हवेच्या दाबावरचा माझा अध्याय मॅडमनी अर्ध्या पानावर आणला. त्याला माझी अजूनही हरकत आहे.

स्टुडिओत नवा डिझायनर आला, की तो आधी राजांची वंशावळ दाखवतो. मी ती बाजूला ठेवते आणि विचारते, तुझ्या जगातले सर्वांत कंटाळवाणे काम कोणते, आणि ते करणाऱ्याला घरी जायला मोकळे कोण करते? बहुतेक जण वंशावळ पुन्हा पुढे सरकवतात. त्यांना मी आठवडाभराची मुदत देते.