खोक्यासकट वजन

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास पुण्यात माझ्या यकृताचा एक तुकडा कापून काढला. त्यात कॅन्सरची गाठ होती. मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. भरलेलं खोकं काट्यावर चढवायचं, रिकाम्या खोक्याचं वजन वजा करायचं आणि उरेल ते मालाचं म्हणून लिहायचं, एवढंच काम.

मी चांगलाच जाड होतो. ऑपरेशनआधी माझं पोट पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला, तेव्हा मीच त्यांना धीर दिला. "साठा आहे अंगात, उपयोगी पडेल." ते हसले नाहीत. पुढे चरबीच्या थरात पू झाला, जखम भरता भरेना. साठ्यावरचा माझा विश्वास मात्र शाबूत राहिला.

घरी पलंग सोडला नाही. बायको म्हणायची, "अहो, दारात दोन फेऱ्या तरी मारा." "ताकद उगाच कशाला खर्चायची?" असं म्हणून मी शिरा मागवायचो.

रजा संपत आली. वेळेवर हजर झालो नाही तर माझ्या जागी दुसरा माणूस बसणार होता. म्हणून एक दिवस रिक्षा करून कंपनीत गेलो आणि सगळ्यांदेखत काट्यावर चढलो. वजन पहिल्याइतकंच.

"ऑपरेशनला गेला होतास का सासुरवाडीला, राव?" डिस्पॅचमधला दोस्त म्हणाला. मी सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी कंपनीच्या बसने परत निघालो. उजवा पाय पायरीवर ठेवला. बाकीचा मी खालीच राहिलो. मग डावा ठेवून पाहिला. मागून कोणी म्हणालं, "भाऊ, चढताय का पायरीचं माप घेताय?" शेवटी दोघांनी मला माल चढवावा तसा आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली. "मांस झडलंय. चरबी आहे तेवढीच, वर पोटात थोडं पाणी. काट्याला त्यातलं काय कळणार?"

हे माझ्यासारख्या डिस्पॅचवाल्याला त्यांच्याकडून ऐकावं लागलं.

शिरा बंद झाला, डाळ-अंडी सुरू झाली, रजा वाढली. दोस्ताने बसच्या पायरीएवढं एक रिकामं खोकं घरी पाठवलं. ते दारात मांडून मी चढ-उतार करायचो. बायको समोर तांदूळ निवडत बसायची. मी थांबलो की तिचे हातही थांबायचे.

पुढे बसमध्ये आपल्या पायांनी चढलो. जागा तोवर गेलीच होती. मला कामगारांची हजेरी मांडायला टाइम ऑफिसात बसवलं. तिथे वजनकाटा नव्हता.