चासीवरचा सांधा

माझ्या बाबांची सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. ते तिथे नेमकं काय करायचे, हे मला कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "तपासणी." तिथलं बाहेर बोलायचं नाही ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की निवृत्तीनंतरही त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. माझ्या लेखी बाबा म्हणजे सकाळी डबा घेऊन जाणारे आणि संध्याकाळी मुकाट्याने परत येणारे गृहस्थ.

मी गुरांची डॉक्टर. यावलला राहते. सातपुड्याच्या पायथ्याचे आणि वरचे पाडे माझ्याकडे येतात. मोटरसायकलवर औषधांची पेटी बांधून बरीच वर्षं काढली, पण पावसाळ्यात नाले आडवे आले की मागे फिरावं लागायचं. शेवटी ठरवलं, चारही चाकं ओढणारी एखादी जुनी जीप घ्यायची. धुळ्यात एक विकाऊ आहे असं कळलं. बाबांना फोनवर सहज सांगितलं, तर ते म्हणाले, "मी येतो."

हिवाळ्यातला रविवार होता. आम्ही जळगावच्या स्टँडवर भेटलो आणि धुळ्याची बस धरली. बाबांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पारोळ्याच्या पुढे मी ती उघडून पाहिली. आत एक छोटी हातोडी, बॅटरी, दांडीला लावलेला इवलासा आरसा, जुन्या धोतराचे फडके आणि घडी घातलेला पुठ्ठा.

"हे सगळं कशाला?"

"गाडी बघायला चाललोय ना?" ते म्हणाले आणि पिशवी बंद केली.

जीप विकणारे भाऊ पन्नाशीचे, अंगाने आडवे. घराला लागूनच त्यांचं खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दारं बनवायचं दुकान होतं. साक्रीकडे डोंगरात त्यांची थोडी शेती होती आणि तिथे जाण्यासाठी ही जीप. अंगणात ती धुऊन पुसून उभी होती. "बठ्ठं देखी ल्या, आबा, काही सोडू नका," ते बाबांना म्हणाले. "गाडी चांगली शे."

बाबांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. आमच्या येण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं नाही, एवढं त्यांना पाहायचं होतं. मग त्यांनी पुठ्ठा इंजिनाखाली सरकवला आणि भाऊंना गाडी चालू करून तशीच राहू द्यायला सांगितलं. "धुतलेलं इंजिन काही सांगत नाही," ते मला हळूच म्हणाले. "थोडं तापू दे, म्हणजे बोलेल." पुठ्ठा बराच वेळ कोरडा राहिला, तेव्हा त्यांनी ती बंद करायला लावली.

मी नुसती उभी राहणाऱ्यातली नाही. मी आत शिरले, पायाखालची रबरी चटई उचलली, सीटच्या पट्ट्याचा खालचा बोल्ट जिथे पत्र्यात शिरतो त्या फटीत बोट घातलं. पिवळसर माती निघाली. चिमटीत चोळली तर पिठासारखी मऊ. रस्त्याची धूळ अशी नसते. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गोठ्यांत गव्हाणीच्या तळाशी जो गाळ बसतो, तो मी कितीदा हाताने काढला आहे.

"बाबा, ही गाडी पाण्यात उभी होती."

त्यांनी माझी चिमूट बघितली. "मग मागच्या चाकांमधल्या हौसिंगचं तेल बघायला पाहिजे, पाणी शिरलंय का," ते म्हणाले, आणि धोतराचा फडका जमिनीवर पसरून उताणे झाले आणि जीपखाली गेले.

मी वाकून पाहत राहिले. खाली सगळीकडे नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं होतं. बाबा चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, लांब पट्टीवर हातोडीने हलके ठोके देत सरकत होते. टण, टण, टण. प्रत्येक ठोक्यानंतर ते थांबायचे, डोळे मिटायचे. घरात हाक मारली तर दोनदा मारावी लागते असा हा माणूस. इथे लोखंड जे सांगत होतं ते कण न् कण ऐकत होता. मध्येच ठोक्याचा आवाज बदलला. मला अगदी पुसटसा जाणवला. बाबा मागे गेले, पुन्हा ठोकलं, मग नखाने कोटिंग खरवडायला लागले.

चाळीशी ओलांडल्यावर मी माझ्या वडिलांना पहिल्यांदा काम करताना पाहत होते.

"भाऊ," बाबा खालून म्हणाले, "इथं चासी तुटलेली होती."

भाऊंचा चेहरा उतरला. चाकाला हात लावून ते म्हणाले, "खरं शे, आबा. मळ्यात पाण्याची मोटर नेत होतो. नाल्यात गाडी आपटली, पाण्यातच अडकली. हाई वेल्डिंग मीच करेल शे, याच हातांनी. वेल्डिंग म्हटलं की गिऱ्हाईक ऐकूनच परत जातं, म्हणून काळं मारलं."

मला राग आला. मी उठायच्या बेतात होते. पण बाबा बाहेर आले नाहीत. नखाने, मग फडक्याने, ते कोटिंग काढतच राहिले. त्यांनी आरसा पट्टीच्या आतल्या बाजूला धरला, बॅटरी फिरवली.

"आतूनही पट्टी दिली आहे?"

"हो. दोन्ही अंगांनी."

बाबांनी आरसा बाजूला ठेवला. मग मला म्हणाले, "इकडे ये."

मीही खाली शिरले. अंगावर साडी नव्हती, ड्रेस होता, तरी पाठ मातीने भरली. त्यांनी माझं बोट धरून त्या सांध्यावर ठेवलं. "डोळे मीट. आता हळूहळू सरक."

बोटाखाली बारीक, एकसारख्या लाटा लागत होत्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. कुठे खड्डा नाही, कुठे थेंब नाही, कुठे हात थरथरल्याची खूण नाही. ओल्या वाळूवर वाऱ्याने उठवल्यासारखी ती ओळ सरळ जात होती. दारं-जाळ्या करणाऱ्या माणसाने नाल्यातून ओढून आणलेल्या गाडीखाली असंच उताणं पडून, ठिणग्या अंगावर घेत हे केलं होतं. आणि ते कुणाला दिसू नये म्हणून झाकलं होतं. मी बोट काढलं नाही.

"माझ्या टेबलावर तपासायला असले तुकडे यायचे," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या तोंडून कारखान्यातलं निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. मग मोठ्याने म्हणाले, "भाऊ, मी हे पास केलं असतं. असलं काम कोणी झाकून ठेवतं का?"

भाऊ उकिडवे बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं.

मागच्या हौसिंगचं तेल बघायचं मात्र बाबा विसरले नाहीत. बोल्ट उघडल्यावर आतून चिकूच्या मिल्कशेकसारखं तेल आलं. पाणी शिरलेलं होतं. भाऊंना ते माहीत नव्हतं. आपलीच गाडी, आणि आपल्यालाच ठाऊक नाही, याचं त्यांना वेल्डिंगपेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं. "सीलं बदलतो, आत बेअरिंग बघतो," ते म्हणाले. "ते झाल्याशिवाय नेऊ नका."

तसंच झालं. पुढच्या महिन्यात गाडी तयार झाल्याचा फोन आला, आणि भाऊ म्हणाले, मी स्वतः पारोळ्यापर्यंत आणून देतो. हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीसमोर त्यांनी जीप उभी केली. चासीवरचं काळं त्यांनी सांध्यापुरतं साफ करून तिथे गंज लागू नये एवढाच पातळ लाल रंग लावला होता. चहा यायच्या आत बाबा फडका पसरून खाली गेले. भाऊही दुसऱ्या बाजूने गेले. मला फक्त दोघांची पावलं दिसत होती आणि आतून गप्पा ऐकू येत होत्या: कुठला रॉड वापरला, उलट्या हाताने सांधा कसा ओढतात, थंडीत लोखंड कसं आखडतं. बाबा इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

एक ट्रक आमच्याजवळ येऊन थांबला. ड्रायव्हरने घाबरून मान बाहेर काढली. "कोणी सापडलंय का खाली?"

"नाही," बाबा आतून म्हणाले. "बघतोय."